निसानचा तोटा आणि मॅग्नाइटचा बंपर

निसान तोट्यात आहे, फोक्सवॅगन माणसं कमी करतेय, मग डोळे मिटून मारुतीच घ्यावी का, असा तुमचा प्रश्न आहे. पर्याय निसानची मॅग्नाइट सीव्हीटी (दातेरी गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक), फोक्सवॅगनची टायगुन ऑटोमॅटिक आणि मारुतीची ब्रेझा. गाडी किती टिकेल आणि कंपनी किती टिकेल, या दोन गोष्टींची इथे गल्लत होतेय. आधी कंपनीचं बघू.

परदेशी मुख्यालयाच्या ताळेबंदावरून इथल्या ग्राहकाला फारसं कळत नाही. जनरल मोटर्सने 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवली तेव्हा ती काही डबघाईला आलेली नव्हती. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये गाशा गुंडाळला, कारण इथे दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरच्या वर तोटा साचला होता. अमेरिकेतला धंदा चालूच होता. याउलट टाटा मोटर्सने 2018-19 मध्ये, मुख्यतः जग्वार लँड रोव्हरपायी, 28,800 कोटींच्या आसपास एकत्रित तोटा दाखवला, तरी कंपनी इथेच राहिली आणि गाड्यांचा खप पुढे वाढला. मुद्दा कंपनी बुडेल का हा नाही, भारतातला धंदा तिला परवडतोय का हा आहे. निर्यातीचीही हमी धरू नका. जीएमचा तळेगावचा कारखाना देशातली विक्री थांबल्यावर तीन वर्षं निर्यातीवर चालला, मग बंद पडला आणि शेवटी ह्युंदाईने घेतला.

निसानचे आकडे वाईटच आहेत: 2024-25 मध्ये 670.9 अब्ज येन निव्वळ तोटा, 20,000 नोकऱ्यांची कपात, कारखाने 17 वरून 10. होंडाबरोबरची विलीनीकरणाची बोलणीही फेब्रुवारी 2025 मध्ये फिसकटली. पण मॅग्नाइट बनते तो चेन्नईजवळचा कारखाना आता रेनोचा आहे. निसानचा 51 टक्के हिस्सा रेनोने 2025 मध्ये घेतला. रेनोच्याच कायगरला तेच 1.0 टर्बो इंजिन आणि तोच सीव्हीटी आहे. म्हणजे उद्या निसानने शोरूम बंद केली तरी इंजिन-गिअरबॉक्सचे भाग मिळायला अडचण येऊ नये. अडेल ते हेडलॅम्प, बंपर, टेलगेट, काचा.

भारतातून गेलेल्या फियाटच्या गाड्या वापरणाऱ्यांना हे ठाऊक आहे. तिचं 1.3 मल्टिजेट डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्ट आणि टाटाच्या व्हिस्टातही होतं, म्हणून पुंटोच्या इंजिनाचं काम गावातला मेकॅनिकही करतो. तिचा पुढचा दिवा फुटला की मात्र शोधाशोध सुरू, आणि तोवर विम्याचा क्लेम लटकलेला.

आता टिकाऊपणा. यात ब्रँडपेक्षा इंजिन-गिअरबॉक्सची जोडी बघा. टायगुनच्या 1.0 टीएसआय इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा ऑटोमॅटिक) आहे, तो बिनधास्त घ्या. 1.5 इंजिनाच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कोरडा दुहेरी क्लच आहे, म्हणजे त्याला थंड ठेवायला तेल नाही. ट्रॅफिकमध्ये गाडी इंचाइंचाने सरकवत राहिलं की क्लच अर्धवट घसरत तापतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर ही सुरुवातीची खूण. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा. पुढे गाडीभर जागा झाली की मगच हला. मेकॅट्रॉनिक युनिट (क्लच आणि गिअर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेलं तर वॉरंटीबाहेरचा खर्च लाखात जाऊ शकतो. रोज हिंजवडी किंवा घोडबंदर असेल तर 1.5 चा मोह टाळा.

सीव्हीटीचं दुखणं वेगळं. लांब घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून ठेवला की तेल तापतं आणि गाडी स्वतःच ताकद कमी करते. तेल साधारण 50,000 किमीला बदला, आणि सीव्हीटीचंच घाला. साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं तेल) ओतलं की पट्टा घसरून पुली खराब होते.

ब्रेझाचं 1.5 पेट्रोल आणि टॉर्क कन्व्हर्टर ही तिघांत सर्वांत कमी डोकेदुखीची जोडी. पण मारुती बिघडतच नाही हे खरं नव्हे: सप्टेंबर 2021 मध्ये मोटर-जनरेटर युनिट (इंजिनाला जोडलेली विजेची मोटर) तपासायला 1,81,754 पेट्रोल गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यात ब्रेझाही होती. जुनी घेणार असाल तर चॅसी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघा.

शेवटी डीलर. कंपनीआधी बहुधा तोच कोलमडतो, तरी त्याच्याकडे कुणी बघत नाही. सरकारच्या 'वाहन' डॅशबोर्ड या वेबसाइटवर तुमच्या आरटीओत त्या कंपनीच्या महिन्याला किती गाड्या नोंदल्या जातात ते पाहा; आकडा दहाच्या आत असेल तर तिथलं वर्कशॉप फार काळ चालेल असं मी धरणार नाही. डीलरचं नोंदणीकृत नाव बुकिंगच्या पावतीवर असतं. ते क्रिसिल, इक्रा, केअर या पतमानांकन (कर्ज फेडण्याची ऐपत जोखणाऱ्या) कंपन्यांच्या साइटवर शोधा. बँकेच्या कर्जासाठी रेटिंग घेतलं असेल तर अहवाल फुकट वाचता येतो. त्यात 'डी' (कर्ज थकलेलं) किंवा 'माहिती देत नाही' असा शेरा दिसला तर बुकिंगची रक्कम किमान ठेवा आणि बाकीचे पैसे गाडीचा चॅसी नंबर हातात आल्यावरच द्या. वाढीव वॉरंटीही कंपनीचीच घ्या. डीलरने स्वतःची चिकटवली असेल तर त्याचं शटर पडल्यावर तो कागद कंपनी मानणार नाही.