मूठ हाडाची की हस्तिदंताची? जुन्या घडीच्या चाकूंविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न (कराड) : आजोबांच्या पेटीत पिवळसर मुठीचा, मुठीवर वेल कोरलेला घडीचा चाकू सापडला. एका परिचिताने मूठ हस्तिदंताची असल्याचे सांगितले आणि खात्रीसाठी तापवलेली सुई टेकवून पाहण्यास सुचवले. तसे करावे का?

उत्तर : सुई टेकवू नये. मूठ हाडाची असो वा हस्तिदंताची, डाग कायमचा राहतो. आणि ती सेल्युलॉइडची, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची, निघाली तर पेट घेऊ शकते, कारण हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही आहे. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे, दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बसावे आणि मुठीचा सपाट भाग व शेवटचे टोक असे दोन्ही पाहावे. हाडात रक्तवाहिन्यांचे सूक्ष्म मार्ग असतात. त्यांत वर्षानुवर्षांचा हाताचा मळ आणि तेल साचल्यामुळे टाचणीने टोचल्यासारखे काळसर ठिपके दिसतात आणि मुठीच्या लांबीच्या दिशेने तेच मार्ग तुटक, बारीक रेघांसारखे उमटतात. हस्तिदंतात असे ठिपके नसतात. तिथे आडव्या छेदावर, म्हणजे टोकाशी, एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइडमध्ये हस्तिदंताची नक्कल करण्यासाठी घातलेल्या रेषा संशय यावा इतक्या सरळ आणि समान अंतरावर असतात. मूठ अंगठ्याने जोरात चोळून लगेच हुंगल्यास कापराचा वास येतो, कारण हा पदार्थ तयार करताना कापूर वापरला जात असे.

कोरीव कामाची खोलीही पाहावी. चाकूच्या मुठीसाठी बहुधा गुरांच्या पायाच्या नळीचे हाड घेतात. ते आतून पोकळ असल्यामुळे त्याच्या पातळ पट्ट्याच मिळतात आणि कारागिराला फार खोल जाता येत नाही. वेल उथळ असेल, पानांच्या कडा हाताळून गुळगुळीत झाल्या असतील आणि खाचांच्या तळाशी मळ साचून काळेपणा आला असेल, तर ते हाडच असण्याचा संभव अधिक. हस्तिदंत म्हणून माझ्यापुढे ठेवलेल्या मुठींपैकी बहुतेक शेवटी हाडाच्याच ठरल्या आहेत, आणि त्यात निराश होण्यासारखे काही नाही. खरे हस्तिदंती काम नजरेत बसवायचे असेल, तर औंधचे श्रीभवानी चित्रसंग्रहालय आपल्या जिल्ह्यातच आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेल्या या संग्रहात हस्तिदंतावरचे कोरीव काम पाहायला मिळते.

मूठ खरोखरच हस्तिदंती निघाली, तर ती विकण्याचा विचारही करू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1986 साली झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि 1991 च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंतही त्या बंदीत आले. सांबरशिंगाच्या मुठींनाही हाच कायदा लागू आहे. वारशाने आलेल्या वस्तूबाबत वन विभागाकडे विचारणा करावी.

प्रश्न (वाई) : आमच्याकडील चाकूच्या पात्यावर, अगदी बुडाशी, एक चांदणी, एक क्रॉस आणि इंग्रजीत ‘जोसेफ रॉजर्स’ असे नाव आहे. तो किती जुना असावा?

उत्तर : ही इंग्लंडमधील शेफील्ड शहरातील जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कंपनीची खूण आहे. चांदणी आणि क्रॉसचे हे चिन्ह तिला 1764 साली मिळाले. 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनात तिने पंचाहत्तर पात्यांचा एक अवाढव्य चाकू मांडला होता, ज्याने कोणी कधी काही कापले असेल असे मला वाटत नाही. परंतु केवळ चिन्हावरून वय ठरत नाही, कारण ते नव्या चाकूंवरही छापले जाते. त्याच्या आजूबाजूची अक्षरे वाचावीत.

मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ ही अक्षरे असतील तर तो राणी व्हिक्टोरियाचा, म्हणजे 1837 ते 1901 चा काळ. ‘जी’ आणि ‘आर’ असतील तर चाकू 1910 नंतरचा असण्याची शक्यता अधिक, कारण त्यानंतर पंचम आणि षष्ठ असे दोन जॉर्ज राज्यावर होते; मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही चौथे जॉर्ज गादीवर असल्याने इतर खुणा जुळवूनच निष्कर्ष काढावा. शहराच्या नावाखाली ‘इंग्लंड’ असा देशाचा उल्लेख असेल, तर चाकू बहुधा 1890 नंतरचा. त्या साली अमेरिकेने आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक करणारा कायदा केला आणि तिकडे माल पाठवणाऱ्या कारखान्यांनी नाव घालायला सुरुवात केली. ‘स्टेनलेस’ हा शब्द असेल तर वाद मिटतो. हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्डमध्ये न गंजणारे पोलाद 1913 साली तयार केले, त्यामुळे असा चाकू त्याआधीचा असूच शकत नाही, मग विकणारा त्याला पेशवाईतला म्हणो वा आणखी कुठला.

ही अक्षरे फार उथळ ठोकलेली असतात. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एक चाकू चकचकीत व्हावा म्हणून पॉलिशच्या चाकावर धरला; पाते आरशासारखे झाले, पण नाव, मुकुट आणि अक्षरे पुसली गेली. तो चाकू अजून माझ्याकडे आहे, पण तो कोणाचा, कधीचा, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

प्रश्न (सांगली) : 2019 च्या महापुरात आमचे कपाट पाण्यात होते. त्यातील हाडाच्या मुठीचा चाकू आता उघडत नाही, पाते गंजले आहे आणि मुठीला खिळ्यापासून चीर गेली आहे. काही करता येईल का?

उत्तर : चाकू जबरदस्तीने उघडू नये, पाते नखाने ओढण्यासाठी असलेली खाच तुटते किंवा पातेच मोडते. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत, चाकू उभा ठेवून एक रात्र जाऊ द्यावी आणि हे आठवडाभर रोज करावे. पाते किंचित हलू लागले की बांबूची काडी टोकदार करून सांध्यातील घाण बाहेर काढावी. खोबरेल किंवा जवसाचे तेल वापरू नये, कारण ते काही महिन्यांत चिकट होऊन सांधा पुन्हा धरून ठेवते.

गंज दोन प्रकारचा असतो. लालसर आणि बोटाला लागणारा गंज पोलाद खात राहतो. तो तेल लावून, पितळेच्या बोथट पट्टीने हलकेच खरवडून काढावा. निळसर-काळी, घट्ट बसलेली झाक मात्र वयाची आहे आणि पात्याला थोडेफार संरक्षणही देते. तिला हात लावू नये. चिंच, लिंबू आणि पितळ घासायची पूड यांपैकी काहीही मुठीजवळ नेऊ नये, कारण आम्लाने हाड पांढरे आणि खरबरीत पडते.

चीर का गेली, तेही समजून घ्यावे. मुठीच्या पट्ट्या ज्या खिळ्यांनी बसवलेल्या असतात, ते लोखंडी असल्यास गंजून फुगतात, आणि ओले झालेले हाड वाळताना आकसते. दोन्ही ताण एकाच भोकाशी येतात. केसाएवढी चीर तशीच राहू द्यावी. पट्टी सुटू लागली असेल तर झटपट चिकटणारा गोंद न भरता मिरजेला जावे. तिथल्या सतारमेकरांची घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रे घडवणाऱ्या आणि त्यांना धार देणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांपासून त्यांच्यात वाद्ये घडू लागली. सतारीच्या घोडीसाठी हाड घासणे, बसवणे हे त्यांच्या रोजच्या हाताखालचे काम आहे. सगळेच चाकू हाती घेतील असे नाही, पण हाडाची जात आणि त्याची तडकण्याची दिशा त्यांना विचारूनच कळेल.

प्रश्न (फलटण) : बाजारात घेतलेल्या कोरीव मुठीचा रंग चहासारखा एकसारखा तपकिरी आहे. फसवणूक झाली का?

उत्तर : बहुधा झाली. हाताळणीने आलेला रंग कधीच एकसारखा नसतो. जिथे तळहात टेकतो तिथे मूठ उजळ आणि गुळगुळीत, खाचांत गडद, आणि खिळ्यांभोवती हिरवट असते. पाते उघडून मुठीच्या आतली कड पाहावी. तिथेही तोच रंग असेल आणि कोरीव कामाच्या कडा बोटाला टोचत असतील, तर मूठ रंगात बुडवून काढलेली आहे. मात्र शेफील्डमध्येही हाड रंगवून आणि खाचा पाडून सांबरशिंगासारखे करत असत, त्यामुळे केवळ रंग दिला म्हणून वस्तू नवी ठरत नाही. झीज कुठे आहे, हे पाहावे.

प्रश्न (तासगाव) : असे चाकू बाळगायला परवाना लागतो का?

उत्तर : शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे आणि घरगुती व शेतीच्या वापराची हत्यारे त्यातून वगळली आहेत, खिशातला चाकू या मापाच्या खूपच आत राहतो. परंतु कळ दाबताच उघडणाऱ्या, रामपुरी पद्धतीच्या चाकूंवर काही ठिकाणी वेगळी बंदी असते, म्हणून तसा चाकू घेण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती परदेशी पाठवता येत नाही.

प्रश्न (महाबळेश्वर) : पावसाळ्यात चाकू चामड्याच्या पिशवीत ठेवले तर चालतील का?

उत्तर : नाही. कमावलेल्या चामड्यातील आम्लामुळे मुठीच्या आतील पितळी अस्तराला हिरवा कळंक चढतो आणि पात्यावर ठिपके पडतात. सुती कापडात एकेक चाकू गुंडाळून, पाते मिटवून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि आषाढ-श्रावणात पुड्या दर पंधरवड्याला वाळवाव्यात. सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू मात्र त्या डब्यात नको. त्याचे विघटन सुरू झाले की निघणारी आम्लयुक्त वाफ शेजारच्या सगळ्या पात्यांना गंज आणते. त्याला वेगळ्या, हवा खेळणाऱ्या खोक्यात ठेवावे.