निघोजचे रांजणखळगे: खडक पाण्याने नाही, गोट्यांनी कोरलाय

प्रश्न दोन आहेत. कुकडी नदीच्या पात्रात निघोजला (ता. पारनेर) खडकात इतके गोल, खोल, रांजणासारखे खळगे कसे झाले? आणि 'खडक साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे खळगेही तेवढेच जुने' हे बरोबर का?

दुसरं आधी सांगतो, कारण ही गल्लत सगळीकडे दिसते. साडेसहा कोटी वर्षं हे लाव्हा थिजल्याचं वय आहे. खळगे त्यानंतर, नदीनं या थरापर्यंत पात्र कापत आणल्यावरचे. खोली मोजून तिला वर्षाच्या झिजेनं भागायचं आणि वय काढायचं, हेही चालत नाही. झीज बहुतेक सगळी मोठ्या पुराच्या मोजक्या दिवसांत होते आणि दोन पूर सारखे नसतात.

आता रांजण. नुसतं पाणी बेसॉल्टला, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाला, फारसं झिजवत नाही. काम करतात पाण्यानं फिरवलेले गोटे आणि वाळू. त्यातली मुख्य खनिजं, फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन, काठिण्याच्या मोह्स मापावर (1 सगळ्यात मऊ, 10 सगळ्यात कठीण) 5 ते 6 च्या आसपास बसतात. गारगोटी 7. म्हणजे गारगोटी बेसॉल्टला ओरखडते, आणि बेसॉल्टचा गोटा बेसॉल्टवर आपटत राहिला तरी दोघं झिजतातच.

सुरुवात कुठे होते? खडकाच्या दुबळ्या जागी. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट ही खनिजं, कुठे गारगोटी भरली. झिओलाइट आणि कॅल्साइट मऊ, ते आधी निघतात आणि बोराएवढी खाच उरते. दुसरी जागा म्हणजे थिजताना पडलेल्या भेगा. दोन भेगा जिथे छेदतात तिथला तुकडा पूर उचकटून नेतो. या खाचेवरून पाणी जाताना भोवरा धरतो, त्यात एखादा गोटा अडकला की जातं सुरू झालं.

पुढचं गणित वेगाचं. वेग दुप्पट झाला की त्याच गोट्याच्या धडकेतली ऊर्जा चौपट होते. म्हणून उन्हाळ्यातल्या शांत धारेकडे बघून अंदाज बांधू नका. जड गोटे तळाशी राहून बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि पोट रुंदावतात. वर बारीक वाळू नुसती घासते, त्यामुळे कडा गुळगुळीत होतात. तोंड अरुंद आणि पोट मोठं, हा रांजणाचा घाट अशातून येतो.

एक गोष्ट सहसा सुटते. गोटे फार कमी असतील तर कोरायला हत्यारच नाही, पण फार झाले तर तेच तळाला गोधडीसारखं झाकतात आणि खोली वाढायची थांबते. भिंती मात्र घासल्या जातात. शेजारचे दोन रांजण असेच फुगत एकमेकांना भिडले की मधली भिंत पातळ होऊन आधी खिडकी पडते, मग वर नुसती कमान उरते, तीही कोसळली की दोघांचा मिळून चर होतो. असे चर जोडले जाऊन नदीची अरुंद घळ खोल होत जाते. निघोजला या सगळ्या पायऱ्या शेजारी शेजारी दिसतात, हीच त्या जागेची खरी श्रीमंती.

प्रत्यक्ष बघायला फेब्रुवारी ते मे, पाणी उतरलेलं असताना जा. आधी भिंतीवरून तळहात फिरवा. खालच्या, पुराच्या पट्ट्यातल्या रांजणाची भिंत घोटल्यासारखी लागते आणि काही ठिकाणी मळसूत्रासारखे आडवे वळसे जाणवतात, तो भोवऱ्याचा माग. वरच्या कठड्यावरचे खळगे खरखरीत, तांबूस, मातीनं भरलेले असतात. नदी खाली गेल्यावर ते कामावरून सुटले. आता तिथे पावसाचं पाणी साचून खडक रासायनिक रीतीनं कुजतोय, म्हणजे आपण मुरूम म्हणतो त्या दिशेची वाट. मग तळातले गोटे पाहा. ते गोलसर असतील तर जातं चालू होतं, आणि कोनेदार तुकडे बहुधा वरून पडलेले.

काठिण्य तपासायचंच असेल तर सुटा गोटा घ्या. चाकूच्या टोकानं कॅल्साइटवर सहज ओरखडा उठतो, गारगोटीवर उठत नाही. भिंतीवर चाकू चालवू नका. आणि तळातले गोटे आठवण म्हणून उचलून आणू नका. वरच्या अंगाला येडगावसारखी धरणं झाल्यापासून नदीचा भरड गाळ जलाशयातच अडतो, त्यामुळे इथली हत्यारं आधीच्या सहजतेनं भरून येत नाहीत.

पावसाळ्यात मात्र काठावर उतरू नका. पाणी चढलं की रांजणाची तोंडं दिसेनाशी होतात आणि घोटलेल्या खडकावर पाय ठरत नाही.