‘तपासणीसाठी दाखल’ म्हणून क्लेम नाकारला

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे. शौचाला काळं व्हायचं, हिमोग्लोबिन ५.८. वरून-खालून दोन्ही एंडोस्कोप्या (दुर्बिणीने तपासण्या) नॉर्मल. पाच दिवस अ‍ॅडमिट होते, रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. शेवटी कॅप्सूल एंडोस्कोपीत (कॅमेऱ्याची गोळी गिळून केलेल्या तपासणीत) लहान आतड्यातली रक्तस्रावाची जागा सापडली, एन्टेरोस्कोपीने (लहान आतड्यात जाणाऱ्या लांब दुर्बिणीने) ती बंद केली. आरोग्य विमा कंपनीने १ लाख ६८ हजारांचा क्लेम ‘मुख्यत्वे तपासणीसाठी दाखल’ म्हणून फेटाळला. काय करू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, कंपनीने पुढे केलेलं कलम पॉलिसीत असतंच, त्याचा कोड एक्सक्लूजन (म्हणजे विम्यातून वगळलेला खर्च) ०४. पण ते नीट वाचा. दाखल होण्याचं मुख्य कारणच तपासणी असेल, तर खर्च मिळत नाही; शिवाय चालू आजाराशी संबंध नसलेल्या तपासण्यांचाही नाही. तुमच्या वडिलांचं यातलं काय होतं? ५.८ हिमोग्लोबिनच्या माणसाला रक्त चढवणं हा उपचारच. आणि नेहमीच्या दोन्ही दुर्बिणी लहान आतड्याच्या मोठ्या भागापर्यंत पोचत नाहीत, म्हणून कॅप्सूल गिळवावी लागली. जागा सापडली नसती, तर बंद काय केलं असतं?

मला शंका डिस्चार्ज कार्डाची आहे. त्यावर ‘अ‍ॅनिमियाच्या तपासणीसाठी दाखल’ असं ठोकळेबाज वाक्य असणार, आणि क्लेम त्यावरच अडला असणार. कार्डात खाडाखोड करून घेऊ नका. ते अंगाशी येईल. डॉक्टरांकडून वेगळं प्रमाणपत्र घ्या : दाखल होतानाची प्रकृती, रक्त का दिलं, घरी ठेवणं का धोक्याचं होतं. इनडोअर केस पेपर (दाखल असतानाच्या रोजच्या नोंदी) लेखी मागा. ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रक्तपेढीची बिलंही जोडा. कॅप्सूल डिस्चार्जनंतर ओपीडीत झाली असेल, तर तो डिस्चार्जनंतरच्या (पोस्ट-हॉस्पिटलायझेशन) खर्चाच्या कलमाखाली मागा, मुदत पॉलिसीत पाहून.

हे सगळं आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारे अधिकारी) जा. फी नाही, वकीलही चालत नाही (मी वकील, म्हणजे माझं नुकसान, पण तुमच्यासाठी मार्ग उत्तम). निकाल मान्य नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथली मुदत दोन वर्षं. मात्र आयोगात आधी गेलात, तर लोकपाल तक्रार घेणार नाहीत. क्रम चुकवू नका, आणि नकाराचं पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीटही जपून ठेवा. तारखेचा वाद झाला तर कामी येईल.