म्युनिक, सिंगापूर आणि पत्रातलं शेवटचं वाक्य

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. नवरा गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या हातात सध्या दोन ऑफर आहेत, एक म्युनिकची आणि एक सिंगापूरची. म्युनिकच्या कंपनीचं बर्लिनलाही ऑफिस आहे, पण तिथे पगार थोडा कमी म्हणून तो विचार आम्ही सोडून दिला. सिंगापूरला हातात बरेच जास्त पडतात. मुलगी नऊ वर्षांची, येत्या जूनमध्ये चौथीत जाईल. सासूबाई ७१ वर्षांच्या, सांगलीला एकट्या राहतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, प्रॅक्टिसला अकरा वर्षं झाली. रोज रात्री जेवणं झाली की एक्सेल उघडून बसतो आणि बाराला तसेच उठतो. कुठलं शहर निवडावं? माझं काय, मी कुठेही ॲडजस्ट करेन.

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘माझं काय, मी कुठेही ॲडजस्ट करेन.’ मला जर्मनीत येऊन वीस वर्षं होतील. एवढ्या काळात माझ्या स्वयंपाकघरात चहाचा कप हातात धरून ज्या ज्या बायका रडल्या, त्यातल्या बहुतेकींनी निघताना हेच म्हटलं होतं. म्हणून पगार, शाळा, सासूबाई यांच्याआधी मी तुमच्यापासून सुरुवात करते.

ज्याला नोकरी आहे त्याला परकं शहर सांभाळून घेतं. त्याला बसायला टेबल मिळतं, दुपारी जेवायला चार माणसं मिळतात, कोणीतरी नावानं हाक मारतं. मुलांना शाळा मिळते. उरतं ते घरी थांबलेलं माणूस. त्याच्या वाट्याला शहर येतं ते खिडकीतून दिसेल तेवढं. म्हणून कोणी मला शहर कुठलं निवडू विचारलं की मी त्यांना एक दिवस डोळ्यासमोर आणायला सांगते. नोव्हेंबरातला मंगळवार, दुपारचे चार वाजलेत. तुमच्यापैकी ज्याला नोकरी नाही तो त्या शहरात त्या घडीला काय करतोय? तुमच्या एक्सेलमध्ये हा रकाना नसणार. तो सगळ्यात आधी घाला.

आता सिंगापूरचा मंगळवार पाहू. बाहेर उजेड आहे, ऊन आहे, आणि बारा महिने सूर्य सातच्या सुमाराला उगवून सातच्या सुमाराला मावळतो. इंग्रजीवर सगळं चालतं. लिटल इंडियातल्या सेरांगून रोडला कढीपत्त्यापासून पोह्यांपर्यंत सगळं मिळतं, महाराष्ट्र मंडळ आहे, रात्री दहाला एकटीनं बसने घरी यायला भीती वाटत नाही. हे सगळं खरं. पण नवरा जाईल तो एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, तुम्ही जाल त्या डिपेंडंट्स पासवर, म्हणजे त्याच्या कुटुंबीयांसाठीच्या परवान्यावर, आणि १ मे २०२१ पासून त्या पासवरच्या माणसाला नोकरी करायची तर स्वतःचा वेगळा वर्क पास लागतो. म्हणजे आधी तुम्हाला घेणारं रुग्णालय किंवा क्लिनिक शोधा, फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणाऱ्या तिथल्या परिषदेत नाव नोंदवा, मग त्या मालकानं तुमच्यासाठी पास काढायचा. जमत नाही असं नाही. पण ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून जाऊ नका. तुमच्या पदवीचं काय होतं हे पुण्यात बसून लेखी विचारा आणि उत्तर हातात आल्यावरच तिकडची बॅग भरा.

जर्मनीत गोष्ट उलटी आहे. तुमचे यजमान ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर आले, तर तुम्हाला येण्याआधी भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्या दिवसापासून काम करायची मोकळीक असते. दार उघडं असतं, उंबरठा असतो भाषेचा. फिजिओथेरपी तिथे नियमात बांधलेला पेशा आहे. पदवीला मान्यता घ्यावी लागते, जर्मन बी-२ पातळीचं, म्हणजे अस्खलित संभाषण जमेल इतपत लागतं, आणि अभ्यासक्रमात जे कमी पडतं ते प्रशिक्षणानं किंवा परीक्षेनं भरून काढावं लागतं. याला दीड-दोन वर्षं धरून चाला. ती लांब वाटतील. पण फिजिओथेरपिस्ट त्या देशाला हवे आहेत, आणि रोज रुग्णाशी जर्मनमध्ये बोलणारी बाई त्या शहरात जशी रुजते तसा इंग्रजीत मीटिंगा करणारा तिचा नवरा दहा वर्षांत रुजत नाही. हे मी पाहिलेलं आहे.

आता लेकीचं, कारण माझ्या मते तुमच्या निर्णयाची किल्ली तिच्याकडे आहे.

जर्मनीत शालेय शिक्षण राज्यांच्या हातात आहे, आणि ‘जर्मनीत शाळा चांगल्या’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं. म्युनिक बायर्न (इंग्रजीत बव्हेरिया) राज्यात. तिथे प्राथमिक शाळा चौथीला संपते. चौथीच्या मे महिन्यात मुलाच्या हातात एक प्रगतिपुस्तक पडतं आणि त्यावरून पुढची शाळा ठरते. विद्यापीठाकडे सरळ जाणाऱ्या गिम्नाझियमसाठी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते. जर्मनीत १ हा सर्वात चांगला गुण, म्हणजे आकडा जितका लहान तितकं बरं. तुमची मुलगी उन्हाळ्यात पोचली तर सप्टेंबरात चौथीत बसेल. ‘माझं नाव अमुक’ इथपासून सुरुवात करून आठ महिन्यांत तिच्यावर हा शिक्का. उशिरा आलेल्या मुलांना काही सवलत असते, नंतर वाट बदलताही येते, आणि दुसऱ्या शाळांतूनही मुलं पुढे विद्यापीठात पोचतात. तरीही चौथीतल्या मुलांच्या घरात त्या वर्षी जो ताण असतो तो मी शेजारी राहून बघितला आहे. आठवड्याला चाचणी, आयांचे चेहरे उतरलेले, खेळाच्या मैदानावर सुद्धा गुणांच्याच गप्पा. भाषा नसलेल्या नऊ वर्षांच्या पोरीला त्या वर्गात नेऊन बसवू नका.

आणि बर्लिन? बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. तुम्ही ज्या शहरावर थोड्या पगारापायी काट मारली तिथे तुमच्या लेकीला आठ महिन्यांऐवजी जवळजवळ अडीच वर्षं मिळतात. नव्या मुलांसाठी आधी भाषा शिकवणारे स्वागतवर्ग आहेत, आणि पहिली ते सहावी शाळेतलं जेवण फुकट आहे. देश तोच, कंपनी तीच, ब्लू कार्ड तेच. फरक फक्त शहराचा. सोमवारी उठून यजमानांनी कंपनीला पहिला प्रश्न हा विचारावा, की हीच जागा बर्लिनच्या ऑफिसातून करता येईल का.

बर्लिन म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणत नाही. डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य बुडतो, म्युनिकपेक्षाही लवकर. माणसं तुटक बोलतात. घर मिळायला महिनोन् महिने लागतात, आणि घराचं हे मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण जर्मनीतल्या आमच्या पहिल्या तीन आठवड्यांची कहाणी घरावरूनच झाली.

आम्ही आलो तेव्हा स्टुटगार्टजवळच्या एका गावात घर घेतलं. फोटोत खोल्या पाहिल्या होत्या, उजेड भरपूर होता. किल्ली हातात आली, दार उघडलं आणि मी स्वयंपाकघर शोधायला लागले. एका खोलीत भिंतीतून दोन पाईप बाहेर आलेले, खाली बुच बसवलेलं, वर तीन उघड्या वायरी, आणि जमिनीवर जुन्या कपाटाच्या पायांचे चार डाग. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. घरमालकानं शांतपणे सांगितलं, आधीचे भाडेकरू त्यांचं स्वयंपाकघर घेऊन गेले. तिथे ही रीत आहे, अनेक घरं अशीच मिळतात. मग दोन हॉटप्लेट आणल्या, हॉलच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर वरणभात शिजवला. भांडी न्हाणीघरातल्या टबात घासायची, कुकर धुताना कंबर धरायची. तीन आठवडे. तेव्हा मला कोणी एक शब्द सांगितला असता तर त्या माणसाला मी जन्मभर दुवा दिला असता. तो शब्द आहे ‘आइनबाउक्युखं’, म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर. जाहिरातीत तो असेल तरच घर बघायला जा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढं मागता येतं, आणि ‘थंड’ भाडं म्हणजे हीटिंग-पाणी वगळून. सुरुवातीला सामानासकट तात्पुरतं घर घेणार असाल तर तिथे पत्त्याची नोंदणी करू देतात का हे आधी लेखी घ्या. राहायला आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते आणि बँकेपासून कर क्रमांकापर्यंत सगळं त्या कागदावर अडतं.

पैशाचं थोडक्यात. सिंगापूरला हातात जास्त येतात हे बरोबर, कर कमी आहे. पण त्यातून मुलीच्या शाळेची फी वजा करून मग तुलना करा. सरकारी शाळेत परदेशी मुलांना प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ती पास होऊनही जागा मिळेलच असं नाही. मग उरतात आंतरराष्ट्रीय शाळा. भारतीय अभ्यासक्रमाच्याही आहेत, पण फी तुमच्या पुण्याच्या हिशोबात बसणारी नाही. आजारपणात परदेशी माणसाला पूर्ण दर पडतो, म्हणून कंपनीचा विमा तिघांना आहे का ते बघा. नोकरी गेली तर पास रद्द झाल्यावर साधारण ३० दिवसांत आवरावं लागतं. घराच्या करारात डिप्लोमॅटिक क्लॉज टाकून घ्या, म्हणजे बदली झाली किंवा नोकरी गेली तर करारात ठरलेली मुदत आणि नोटीस पाळून घर आधी सोडता येतं. जर्मनीत पगारातून मोठा हिस्सा कापला जातो, पहिली पावती बघून पोटात गोळा येतो. पण सरकारी आरोग्य विम्यात तुमची कमाई सुरू होईपर्यंत तुम्ही आणि मुलगी वेगळा हप्ता न भरता येता, शाळेला फी नाही, मुलाचा मासिक भत्ता मिळतो, आणि १२ महिने वर्गणी भरली की बेरोजगारी भत्त्याचा हक्क तयार होतो. तरुण माणसाला खासगी विमा स्वस्तात देऊ करतात. कुटुंब असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

राहिल्या सासूबाई, आणि इथे सिंगापूर सरस आहे, ते मी लपवणार नाही. मुंबईहून साडेपाच तासांच्या आसपास विमान. तिथे संध्याकाळी साडेसात वाजतात तेव्हा सांगलीत पाच, म्हणजे त्यांचा चहाचा वेळ. बर्लिनला हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. मुलगा सहाला घरी पोचला तर सांगलीत साडेदहा, सासूबाई झोपलेल्या. त्यामुळे फोन जेवणाच्या सुट्टीत करायचा, रोज, ठरलेल्या वेळी, आणि ती जबाबदारी मुलाची. तुमची नव्हे. बर्लिनहून मुंबईला यायचं तर सहसा मध्ये विमान बदलावं लागतं, तेव्हा अचानक निघायची वेळ आली तर दीड दिवस धरा.

त्यांना सोबत नेण्याचं म्हणाल तर दोन्हीकडे अटी आहेत. सिंगापूरला आईवडिलांचा दीर्घ मुक्कामाचा पास हवा तर यजमानांचा ठरलेला मासिक पगार किमान १२,००० सिंगापूर डॉलर लागतो. ऑफर लेटरमधला आकडा बघा. जर्मनीत ज्यांना पहिला परवाना १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर मिळाला अशा कुशल कामगारांना आईवडिलांना बोलावता येतं, पण गाडं अडतं आरोग्य विम्यावर. त्या वयात सरकारी विम्यात नवा प्रवेश सहसा मिळत नाही आणि खासगी फार महाग पडतो. व्हिजिटर म्हणून १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. पण एक विचारते, राग मानू नका: सासूबाईंना यायचं आहे का, हे कोणी त्यांना विचारलंय का? सांगलीत त्यांची गल्ली आहे, भिशी आहे, डॉक्टर ओळखीचा आहे. सगळ्यात आधी तिथे पाठीशी माणूस उभं करा, रात्री दोनला फोन केला तर पंधरा मिनिटांत दारात येईल असं.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगते. कंपनी बर्लिनला तयार झाली तर बर्लिन. नाही झाली, आणि सिंगापूरच्या तुमच्या नोंदणीचं उत्तर होकारार्थी आलं, तर सिंगापूर. तिकडून नकार आला आणि हातात फक्त म्युनिक उरलं, तर मुलीचं चौथीचं वर्ष टाळता येईल अशी काही सोय होते का ते बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

जर्मनी ठरलं तर यजमानांना तीन-चार महिने पुढे जाऊ दे. घर, नोंदणी, शाळा त्यांनी बघावी. ते महिने तुमचे. रानडे इन्स्टिट्यूट किंवा बोट क्लब रोडवरचं मॅक्स म्युलर भवन, कुठेही नाव घाला आणि क्लिनिक अर्धवेळ करा, बंद नको. लेकीलाही शिकवणी लावा, पण घरी तिच्याशी मराठीतच बोला. जर्मन तिला शाळा शिकवेल, मराठी तिला शिकवायला तुमच्याशिवाय तिथे फार माणसं नसतील.

शनिवारी बसाल तेव्हा एक्सेल तुम्ही उघडा आणि पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव टाका. बर्लिनचं उत्तर आलं की मला लगेच कळवा. तिथे प्राथमिक शाळा राहत्या पत्त्यावरून ठरते, म्हणून कुठल्या भागात घर बघायचं ते घाईत ठरवू नका.