वाचकांचे प्रश्न : जास्वंदीवरच्या मुंग्या, टेकडीवरचं गिरिपुष्प

प्रश्न : गच्चीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (मिलीबग, रस शोषणारी पांढरी कीड) आणि मुंग्यांची रांग. दोनदा कीटकनाशक मारलं. आठ-दहा दिवस बरं, मग पहिल्यापेक्षा जास्त. (कोथरूड)

आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. झाडाच्या रसात साखर भरपूर, नत्र जेमतेम. पुरेसं नत्र मिळवायला पिठ्या ढेकूण भरमसाट रस ओढतो आणि उरलेली साखर चिकट थेंबांतून टाकून देतो. मुंग्या ते थेंब पितात आणि ढेकणाला खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड भुंग्यांना) हुसकावून लावतात. पानांवरची काळी बुरशीही त्याच चिकट्यावर वाढते. ढेकूण गेला की ती थांबते, नुसती पुसून उपयोग नाही.

फवारणी उलटली ती अशी : ढेकूण मेणाच्या थराखाली, पानांच्या बेचक्यांत, अंडी कापसासारख्या पिशवीत. ढालकिडे मात्र उघड्यावर फिरतात, ते आधी मेले. वाचलेल्या एकेका मादीनं शेकडो अंडी घातली आणि खाणारं कुणी उरलं नाही.

फार लागण झालेले शेंडे छाटून पिशवीत बंद करा, उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारा. खोडाला 5 सेंमी रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन लावा, सालीवर थेट नको. बुंध्यातूनच चार-पाच फांद्या फुटल्या असतील तर कुंडी विटेवर आणि वीट पाण्याच्या ताटलीत ठेवा. पाण्यात साबणाचे चार थेंब टाका, नाहीतर ढेकूण जाऊन डास यायचे. एवढं करूनही एखादी फांदी भिंतीला किंवा कपड्यांच्या दोरीला टेकलेली असते आणि मुंग्या तिथून चढतात. ही चूक सर्रास होते.

मग 1 लिटर पाण्याला 5 मिली कडुनिंब तेल. ते आधी 2 मिली द्रव साबणात घोटा, एरवी तेल वर तरंगतं. एका फांदीवर मारून दोन दिवस पाहा. पानं करपली नाहीत तर संध्याकाळी, पानांच्या खालून, दर सात दिवसांनी तीनदा. युरिया बंद ठेवा. कोवळी लुसलुशीत फूट म्हणजे ढेकणाला आमंत्रणच.

फवारण्याआधी भिंग घ्या. ढेकणासारखीच पांढरी, झुपकेदार, पण मोठी आणि काडी लावताच चालू पडणारी अळी दिसली तर ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची. ती ढेकूणच खाते. तिला शत्रू समजून चिरडणारेच जास्त. ती दिसली की फवारणी थांबवा.

पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा, जास्वंदीवरही येतो. 2008मध्ये तो कोइमतूरला आढळला. त्याचे शत्रू इथं नसल्यानं औषधांनाही आवरेना. 2010मध्ये प्युर्टो रिकोहून बारीक गांधीलमाश्या आणून सोडल्या, तेव्हा तो ओसरला. या माश्या ढेकणाच्या अंगात अंडी घालतात.

प्रश्न : टेकडीवरच्या गिरिपुष्पाखाली (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाखाली) काहीच उगवत नाही. सगळं तोडून देशी झाडं लावावीत का? (पाषाण)

सरसकट तोडू नका. परवानगीचा प्रश्न तर वेगळाच. गिरिपुष्प ऐन पावसाळ्यात, म्हणजे कुसळीसारखं गवत वाढायच्या दिवसांतच, दाट सावली धरतं. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत साठवतात. झाडं एकदम काढली की त्या खतावळलेल्या, उघड्या मातीवर गवताआधी घाणेरी आणि पिवळा कॉसमॉस ही तणं ताबा घेतात. शिवाय बुंधे पुन्हा फुटतात ते निराळंच.

वनविभागाच्या संमतीनं मधली थोडी झाडं काढून 5-6 मीटरच्या मोकळ्या जागा करा. तिथं मेडशिंगी, गणेर, बहावा लावा, दोन उन्हाळे पाणी द्या. कॉसमॉस बी धरण्याआधी उपटा. पण जिथं मुरमाड माळावर गवत टिकून आहे तिथं झाड लावूच नका. चंडोल पक्ष्याचं घरटं जमिनीवर, गवताच्या आडोशाला असतं.

प्रश्न : आंब्यावर बांडगूळ कुठून येतं? (हडपसर)

फुलटोच्या पक्ष्याकडून. बांडगुळाचं फळ खाल्ल्यावर चिकट बी सुटेना म्हणून तो ढुंगण फांदीला घासतो आणि बी तिथंच रुजतं. नुसतं ओरबाडलं तर आत राहिलेल्या भागातून पुन्हा फुटतं. फळं धरायच्या आत, चिकटलेल्या जागेच्या वीत-दीड वीत खालून फांदीच कापा.