आरसा वरच का राहतो? : मिडियम फॉरमॅटवरचे वाचकांचे प्रश्न

या महिन्यात 120च्या रोलवर (मिडियम फॉरमॅटच्या कॅमेऱ्यांत घालायची रुंद फिल्म) इतकी पत्रं साचली की डिजिटलवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी लागेल. बहुतेकांनी ‘कॅमेरा बिघडला’ असं लिहिलंय. पत्रं दोनदा वाचली. माझ्या मते त्यातले बरेच कॅमेरे ठणठणीत आहेत. कामाचा क्रम चुकला म्हणून ते अडून बसलेत. माझाही कॅमेरा पहिलं वर्षभर असाच अडून बसायचा.

प्रश्न : काकांनी त्यांचा हॅसलब्लाड 500 सी/एम मला दिला. सोबत 80 मिमीची लेन्स, एक ए12 मॅगझीन (फिल्म भरायची सुटी पेटी) आणि डबाभर सुटे भाग. पहिलाच फोटो काढला आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. क्रँक (बाजूचा फिरवायचा दांडा) फिरवली की पुन्हा दिसतं. मग मध्येच बटण दाबलंच जाईना. आता लेन्स काढून परत बसवताना अडते. थोडा जोर लावू का?

उत्तर : जोर अजिबात लावू नका. क्रँक आणि लेन्स, दोन्हीवरचे हात आधी काढा आणि पुढचं वाचा.

अंधाराचं आधी सांगते, कारण त्यात काहीच बिघडलेलं नाही. 35 मिमीच्या एसएलआरमध्ये (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात) आरसा वर जाऊन लगेच खाली पडतो, त्याची आपल्याला सवय झालेली असते. इथे तो वर जातो आणि वरच राहतो. क्रँकची एक पूर्ण फेरी तीन कामं करते : आरसा खाली आणते, लेन्समधलं शटर ताणते आणि फिल्म एक फ्रेम पुढे नेते. पहिला महिनाभर मी दर फोटोनंतर दचकायचे.

बटण दाबलं जात नाही तेव्हा मॅगझीनच्या बाजूला बघा. पातळ पत्र्याची डार्क स्लाइड आत राहिलेली असणार. ती आत असेपर्यंत बटण दबत नाही, आणि ती बाहेर असेपर्यंत मॅगझीन निघत नाही. आपल्यासारख्या विसराळू माणसांसाठीच ही सोय आहे, तरी मी तिला भरपूर शिव्या घातल्यात. समोर पाखरू पंख पसरतं आणि बोटाखालचं बटण दगड होतं. बाहेर काढलेली स्लाइड ठेवायची कुठे, हा वेगळाच प्रश्न. एकदा ती मागच्या खिशात टाकली आणि मी खाली बसले. वाकलेली पट्टी हाताने सरळ करून वापरत राहिले, आणि पुढच्या दोन रोलवर प्रकाशाचा ओरखडा आला. तेव्हापासून ती लाइट मीटरच्या पिशवीत जाते.

मॅगझीन बदलताना बॉडीवरची आणि मॅगझीनवरची छोटी खिडकी, दोन्ही बघा. दोन्ही पांढऱ्या किंवा दोन्ही लाल असतील तर जोडा. बॉडी लाल आणि मॅगझीन पांढरं असेल तर क्रँक फिरवताच एक कोरी फ्रेम वाया जाते. उलट असेल, म्हणजे बॉडी पांढरी आणि मॅगझीन लाल, तर एकाच फ्रेमवर दोन फोटो बसतात.

आता लेन्स. ती लावताना आणि काढताना बॉडी आणि लेन्स दोन्ही ताणलेली हवीत. लेन्सच्या मागे खाच असलेला एक छोटा दांडा दिसतो. ताणलेल्या लेन्सची खाच लाल खुणेकडे तोंड करून असते. तशी नसेल तर रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवा आणि घड्याळाच्या दिशेने जवळजवळ एक फेरी द्या. ‘टक’ झालं की लेन्स तयार. तुमची लेन्स बाहेर असतानाच कधीतरी सुटली असावी. डब्यात एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स पुढे सरकवणाऱ्या पोकळ नळ्या) निघाल्या तर त्यांचाही क्रम असतो : आधी ट्यूब बॉडीला, मग लेन्स ट्यूबला. काढताना आधी लेन्स, मग ट्यूब. लेन्ससकट ट्यूब ओढून काढली की तिघंही वेगवेगळ्या मनःस्थितीत सापडतात.

लेन्स बॉडीवर बसलेली असताना सगळंच अडकलं, तर मागच्या बाजूने लांब स्क्रूड्रायव्हर घालून सोडवता येतं. मी ते करते, पण पहिल्यांदा केलं तेव्हा आतल्या काळ्या पडद्यावर चरा पडला. तुम्ही कारागिराकडे द्या.

प्रश्न : धुऊन आलेल्या रोलवर काही फ्रेमच्या कडेला धूसर पट्टे आहेत. कॅमेरा गळतोय, फिल्म खराब आहे की धुणाऱ्याची चूक? कुणालाही विचारलं तरी तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

उत्तर : स्कॅन बाजूला ठेवा आणि निगेटिव्ह दिव्यावर धरा. निगेटिव्हवर हे पट्टे काळे दिसतील. एकच गोष्ट बघायची : काळेपणा चित्राच्या चौकटीपाशी थांबतो, की चौकट ओलांडून फिल्मच्या कोऱ्या कडेपर्यंत जातो?

चौकटीच्या आतच थांबत असेल, तर तो प्रकाश फोटोच्याच वाटेने आला आहे : लेन्स, शटर किंवा भाता (लेन्स आणि फिल्म यांच्यामधली घड्यांची नळी). भात्याच्या कॅमेऱ्यात कोपऱ्याच्या घड्यांना टाचणीएवढी भोकं पडतात. खोली काळोखी करा, भात्यात लहान टॉर्च ठेवा आणि बाहेरून बघा. चांदण्या दिसल्या की कारण सापडलं.

चौकट ओलांडत असेल, तर प्रकाश मागून आला. इथे जागा महत्त्वाची. दर वेळी फ्रेमच्या त्याच बाजूला, डार्क स्लाइड जिथून शिरते तिथे पट्टा असेल, तर मॅगझीनमधली प्रकाश अडवणारी पट्टी झिजली आहे. ती बदलता येते, काम छोटं आहे. दोन्ही काठांनी, रोलच्या सुरुवातीला किंवा शेवटी जास्त असेल, तर रोल सैल गुंडाळला गेला. 120च्या फिल्मला डबा नसतो. तिची सगळी भिस्त पाठीवरच्या कागदावर आणि घट्ट गुंडाळीवर. रोल भरताना बाणाच्या खुणेपर्यंत येईतो भरलेल्या स्पूलवर अंगठा टेकवून ताण ठेवायचा. आणि सावलीत भरायचा. सावली नसेल तर स्वतःच्या अंगाची करा, उन्हाकडे पाठ करून वाका. मी एकदा भर उन्हात कौतुकाने सगळ्यांना दाखवत रोल भरला होता. पहिल्या तीन फ्रेम आजही ठेवल्या आहेत, पाहुण्यांना दाखवायला.

जुन्या बॉक्स किंवा घडीच्या कॅमेऱ्यात मागे लाल खिडकी असते. जुन्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, म्हणून ती तशी केली. आजच्या फिल्मला तो चांगलाच दिसतो. रोल फिरवताना सावलीत उघडा, आकडा बघा, लगेच बंद करा. अशा कॅमेऱ्यात 220चा रोल घालू नका. त्याच्या फिल्ममागे कागदच नसतो, तो फक्त दोन्ही टोकांना असतो.

आणि धुणाऱ्यावरचा संशय सोडा. त्याच्याकडून प्रकाश लागला तर तो तुमच्या चौकटी मोजत बसत नाही, सरसकट लागतो.

प्रश्न : जुन्या रोलायफ्लेक्सला (दोन लेन्सचा कॅमेरा) आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश जोडला. फ्लॅश दर वेळी उडाला, पण घरातले सगळे फोटो कोरे. बाहेरचे छान आले.

उत्तर : शटरजवळची छोटी कळ बघा. तिच्यावर एक्स आणि एम, काही मॉडेलांत व्हीसुद्धा लिहिलेलं असतं. तुमची एमवर असणार. एम हे एकदाच वापरून फेकायच्या जुन्या फ्लॅश बल्बसाठी. बल्ब पेटून पूर्ण उजळायला वेळ घेई, म्हणून शटर त्याला आधी पेटवून काही मिलिसेकंद थांबतं आणि मग उघडतं. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तेवढ्यात येऊन गेलेला असतो. कळ एक्सवर न्या. खात्री हवी असेल तर रोल न घालता मागचं झाकण उघडा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, फ्लॅश भिंतीकडे वळवा आणि मागून लेन्समधून बघत बटण दाबा. उजळ गोल चकती दिसली की जमलं. लेन्समधल्या शटरचा फायदा असा की एक्सवर कुठल्याही वेगाला फ्लॅश चालतो. फिल्मसमोर पडद्याचं शटर असलेल्या पेंटॅक्स 67सारख्या कॅमेऱ्याला 1/30च्या वर जाता येत नाही.

व्हीला हात लावू नका. तो सेल्फ टायमर आहे, आणि जुन्या कॅमेऱ्यांत नेमका तोच मध्ये अडकून सगळं शटर घेऊन बसतो.

प्रश्न : दोन लेन्सच्या कॅमेऱ्यावर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) कसा लावायचा? बघायची लेन्स एक, फोटो काढायची दुसरी. शिवाय जवळून काढलेल्या फुलाचं डोकं कापलं जातं.

उत्तर : पोलरायझर आधी वरच्या लेन्सवर लावा, फिरवून हवा तसा परिणाम घासकाचेवर (फोकस बघायच्या धूसर काचेवर) बघा आणि कड्यावरचा कुठला आकडा वर आला ते लक्षात ठेवा. मग तो खालच्या लेन्सवर चढवा आणि तोच आकडा वर आणा. आकडे नसतील तर पांढऱ्या रंगाचे दोन-चार ठिपके स्वतः काढा. वरून साधारण दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) एक्स्पोजर वाढवा.

फुलाचं डोकं कापलं जातं, कारण वरची लेन्स खालचीपेक्षा थोडं उंचावरून बघते. लांबच्या डोंगराला त्याने फरक पडत नाही, हातभरावरच्या फुलाला पडतो. यावर मला आवडलेलं सगळ्यात सुंदर साहित्य म्हणजे मामियाच्या सी मालिकेसाठीचं पॅरामेंडर. ट्रायपॉड आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी ही साधी लिफ्ट. फोकस करा, चौकट जुळवा, कळ ओढा. दोन लेन्समधल्या अंतराएवढाच कॅमेरा वर सरकतो आणि खालची लेन्स वरचीच्या जागी येते. ते नसेल तर ट्रायपॉडचा मधला दांडा तेवढाच वर करा. मी दांड्यावर पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आहेत. काम तेच होतं, फक्त मिरवता येत नाही.

प्रश्न : 80च्या लेन्सला 32 मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब लावून किडे काढले. हातातल्या मीटरने मोजूनही निगेटिव्ह फिके आलेत.

उत्तर : मीटरला काय ठाऊक तुम्ही ट्यूब लावली ते? लेन्स फिल्मपासून लांब गेली की तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. 32 भागिले 80, म्हणजे 0.4. त्यात एक मिळवा, 1.4. त्याचा वर्ग जवळजवळ दोन. म्हणजे एक स्टॉप कमी पडला. 56ची ट्यूब असेल तर साधारण दीड स्टॉप.

पण शेतात कोण गणित करतं? मी खिशात शाळेतली पट्टी ठेवते. किड्याच्या जागी ती धरायची आणि घासकाचेवर किती मिलिमीटर मावतात ते बघायचं. 6×6 सेंमी म्हणवणाऱ्या फ्रेमची खरी चौकट 56 मिमीची असते. पट्टीचे 140 मिमी दिसले तर 56 भागिले 140, पुन्हा 0.4. ट्यूब कुठली, फोकस कुठे, काहीच लक्षात ठेवायला नको.

लेन्सचं भोक बारीक करून उत्तर काही सेकंदांवर गेलं, तर फिल्म आणखी आळशी होते. इल्फर्डच्या एचपी5 प्लस फिल्मला मीटरचे 10 सेकंद म्हणजे प्रत्यक्षात 20. किडा तेवढा वेळ बसत नाही, हे मी सांगायला नको.

प्रश्न : यशिका मॅट 124जीचा मीटर नव्या सेलवर चालतो, पण फोटो काळपट येतात.

उत्तर : तो मीटर 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवला होता. ते सेल आता मिळत नाहीत. तुम्ही 1.5चा अल्कलाइन घातलात, म्हणून काटा जरा जास्तच उत्साहाने उठतो आणि तुम्ही कमी प्रकाश देता. श्रवणयंत्रातला 675 नंबरचा झिंक-एअर सेल रबरी कडं लावून बसवा. तो 1.4 देतो. स्टिकर काढला की काही आठवड्यांत संपतो, पण संपेपर्यंत खरं बोलतो.

प्रश्न : नवीन आहे. आधी कुठलं साहित्य घेऊ?

उत्तर : लेन्स हूड, केबल रिलीज (कॅमेरा न हलवता बटण दाबायची तार), हातातला मीटर. प्रिझम फाइंडर आत्ता नको. वरून बघायच्या फाइंडरमध्ये चित्र डावं-उजवं उलटं दिसतं आणि प्रिझम ते सरळ करतो, म्हणून सगळे तो घेतात, मानेला जड झाला की कपाटात टाकतात, आणि तोवर उलट्याची सवय झालेली असते. फिल्टर एकच घ्या, पिवळा, एक स्टॉप खाणारा. चामड्याची केस मिळाली तर शोभेला ठेवा, कॅमेरा तिच्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि लेन्सवर बुरशी चढते. ट्रायपॉडचा स्क्रू किती लांब आहे ते मात्र घेण्याआधी बघा. जास्त लांब असला तर जुन्या कॅमेऱ्याचा तळ आतून उचलतो.

केबल रिलीज दोन घ्या. एक हरवतेच.