इंग्रजीतले शास्त्रीय शब्द ग्रीकच का? प्राचीन ग्रीकांना हे सगळं आधीच माहीत होतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, माहीत नव्हतं. ऑक्सिजन, क्रोमोसोम हे शब्द ॲरिस्टॉटलच्या कानावर कधी पडलेच नाहीत. युरोपातल्या संशोधकांनी ते गेल्या दोन-अडीचशे वर्षांत ग्रीक शब्द जोडून घडवले. 'डायनोसॉर' हा शब्द रिचर्ड ओवेन यांचा, १८४२ सालचा. वैद्यकातले काही शब्द मात्र खरोखर जुने आहेत. न्यूमोनिया प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांत सापडतो, आणि पुढे रोममध्ये नाव कमावलेला वैद्य गेलनही ग्रीकमध्येच लिहीत असे.

मग ग्रीकच का? एक कारण उघड आहे. त्या काळी युरोपात शिकलेल्या माणसाला लॅटिन आणि ग्रीक यावंच लागे, आणि ग्रीकमध्ये समास सहज होतात. आपण दूरदर्शन किंवा तापमापी संस्कृतातून घडवले, तसंच. पण मी रसायनशास्त्र शिकवतो, आणि मला यातलं दुसरं कारण जास्त मोलाचं वाटतं. रोजच्या बोलण्यातला शब्द घेतला की त्याच्याबरोबर त्याचा अर्थही चिकटून येतो. परक्या, जुन्या भाषेतला शब्द त्या मानाने मोकळा असतो.

इंग्लिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांना याची नेमकी जाण होती. त्यांचं शालेय शिक्षण जेमतेम झालेलं. लंडनमध्ये एका पुस्तक-बांधणीवाल्याकडे उमेदवारी करून ते वर आले. द्रावणातून वीज सोडली की दोन टोकांशी वेगवेगळे पदार्थ जमतात, यावर ते काम करत होते. त्या टोकांना तेव्हा 'पोल' म्हणत. ध्रुव म्हटलं की ते पदार्थाला ओढून घेतात असं गृहीत धरल्यासारखं होई, आणि फॅरेडेंना तेच मान्य नव्हतं. १८३४ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातले विद्वान विल्यम ह्यूएल यांना पत्र लिहून शब्द मागितले. ह्यूएल यांनी ॲनोड आणि कॅथोड सुचवले: वर जाणारी वाट आणि खाली जाणारी वाट. आयन म्हणजे 'जाणारा', हाही त्यांचाच.

वर-खाली कशाच्या संदर्भात, तेही ऐका. पृथ्वीचं चुंबकत्व तिच्याभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे आहे अशी कल्पना करा, आणि आपला प्रवाह त्याच दिशेने वाहील असं भांडं ठेवा. मग पूर्वेकडचं टोक सूर्य उगवतो त्या बाजूचं, म्हणून ॲनोड. मावळतीकडचं ते कॅथोड. विजेच्या स्वरूपाबद्दलची मतं उद्या बदलली तरी नावं अडचणीत येऊ नयेत, एवढी काळजी त्यात होती. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला. तारेतून इलेक्ट्रॉन आपण मानलेल्या प्रवाहाच्या उलट दिशेने जातात हेही पुढे स्पष्ट झालं. ॲनोड-कॅथोडला काहीच झालं नाही.

ऑक्सिजनचं नेमकं उलटं झालं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए यांनी १७७७ मध्ये 'आंबट' आणि 'उत्पन्न करणारा' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून नाव दिलं, कारण प्रत्येक आम्लात हा वायू असतोच असं त्यांचं मत होतं. मिठापासून मिळणाऱ्या आम्लात, म्हणजे आजच्या हायड्रोक्लोरिक आम्लात, ऑक्सिजन नाही हे १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी दाखवलं. सिद्धांत पडला, नाव मात्र टिकलं, कारण 'ऑक्सिजन' उच्चारताना कुणाला आंबट आठवत नाही. जर्मनमध्ये त्याला आजही सरळ 'आंबट पदार्थ' म्हणतात, आणि बंगालीत इमानेइतबारे 'अम्लजान' असं भाषांतर झालं. म्हणजे चूकही भाषांतरित झाली. मराठीत प्राणवायू आला, तो मला फार आवडतो.

ग्रीक शब्द आपल्यालाही परके नाहीत. पत्रिकेतली 'होरा' ग्रीक आहे, आणि 'केंद्र'सुद्धा. ज्योतिषाबरोबर ते यवनांकडून, म्हणजे ग्रीकांकडून, संस्कृतात आले. इंग्रजी 'सेंटर'चं मूळही तेच. त्याहून जुनं नातं म्हणजे ग्रीक आणि संस्कृत या दोन्ही भाषांचं मूळ एकच. त्यामुळे पेंटा, हेप्टा, ऑक्टा, डेका वाचताना पंच, सप्त, अष्ट, दश आठवा, पाठ करायची गरज उरत नाही.

'हायपर' आणि 'हायपो' यांत मुलं नेहमी गोंधळतात. हायपर म्हणजे संस्कृतातलं 'उपरि', हायपो म्हणजे 'उप'. एक वरचा, दुसरा खालचा. घरात कुणाला मधुमेह असेल तर हे आजच सांगून ठेवा: हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर उतरलेली. तेव्हा माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच साखर द्यायची असते. हायपरमध्ये ती आधीच वाढलेली असते.